पदवीपत्रावरील बहिणाबाई

खानदेशातील बहुतेक महाविद्यालयांतून आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीच्या पदवीपत्रावर, तिच्या स्वतःच्या नावाबरोबर, आणखी एका स्त्रीचे नाव छापलेले असते. ते नाव बहिणाबाई चौधरी यांचे. जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. ज्या स्त्रीस आयुष्यभर स्वतःचे नाव लिहिता आले नाही, तिच्या नावाने हजारो मुलामुलींना विद्येची प्रमाणपत्रे दिली जातात, ही घटना मोठी आहे. तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तथापि या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहून पुढे जावे, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या समीक्षेने बहिणाबाईंच्या निरक्षरतेचे जे काही केले आहे, त्याचा विचार त्या पदवीपत्राच्या निमित्ताने करणे अगत्याचे आहे. आणि तो विचार नंदुरबारच्या डोंगरात उभे राहून केला, तर अधिक स्वच्छ होतो.

प्रथम परिचित गोष्टींची उजळणी करू. बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील आसोदे या गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी चौधरींशी झाले. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरात मुले, पाठीशी शेती आणि समोर जात्यापासून खळ्यापर्यंतची न संपणारी कामे. ही कामे करता करता त्या गाणी रचीत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे शाळेत गेले, पुढे स्वतः कवी झाले. शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट मुलाने आईला वाचून दाखविली आणि आईने तिचे गाणे केले, असे सांगितले जाते. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने आईची गाणी वहीत टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राने आपली कवयित्री पाहिली ती तिच्या मृत्यूनंतर.

अत्र्यांच्या प्रस्तावनेचे ऋण कोणीही नाकारणार नाही. त्यांनी दाराशी आलेले धन ओळखले आणि ते सगळ्या मराठी माणसांच्या पुढ्यात ठेवले. परंतु त्या प्रस्तावनेने आश्चर्याचा जो एक सूर लावला, तोच पुढे आमच्या पाठ्यपुस्तकांनी, व्याख्यात्यांनी आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनी चार-पाच पिढ्या आळविला. ‘निरक्षर असूनही’ हे त्या सुराचे धृपद. काही काळाने त्या ‘असूनही’चे नकळत ‘म्हणूनच’ झाले. बहिणाबाई शिकल्या नव्हत्या, म्हणूनच त्यांचे काव्य इतके निर्मळ. पुस्तकांनी त्यांची दृष्टी गढूळ केली नव्हती. त्या मातीतून उगवल्या, झऱ्यासारख्या वाहिल्या. ही वाक्ये कोणी लिहिली, हे विचारण्याचे कारण नाही. ती आम्ही सर्वांनीच लिहिली आहेत. प्रस्तुत लेखकानेही एका धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनात, समोर शाळकरी मुली बसलेल्या असताना, याच थाटाचे भाषण केले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. त्या टाळ्या आज आम्हांस बोचतात.

या वाचनात आम्हांस तीन दोष दिसतात.

पहिला दोष असा की, ते कवयित्रीच्या कारागिरीवर अन्याय करते. झरा आपोआप वाहतो. गाणे आपोआप होत नाही. बहिणाबाईंची रचना नीट पाहावी. ओवीच्या घाटात त्या जे शब्द बसवितात, त्यात एकही अक्षर सैल नाही. त्यांचे एक गाणे तर सारे व्याख्यांचे आहे. एकेक वस्तू घ्यायची, तिचा धर्म सांगायचा, आणि तो धर्म ती पाळीत नसेल तर तिला ते नाव देऊ नये असा निवाडा करायचा. हा तर्कशास्त्राचा अभ्यास आहे. फक्त तो घटपटांवर केलेला नसून कपाशीच्या बोंडावर, पानावर, वाटेवर केलेला आहे. मनावरचे त्यांचे गाणे घ्या. मनाच्या चंचलतेवर संतांनी विपुल लिहिले आहे. पण पिकात पुन्हापुन्हा शिरणाऱ्या ढोराची उपमा तिलाच सुचते, जिने ते ढोर हातात काठी घेऊन हाकलले आहे. सुगरणीच्या खोप्यात त्यांनी घरबांधणीचे कौशल्य पाहिले ते स्वतः घर चालविणाऱ्या बाईच्या नजरेने. हे सर्व निरीक्षण, निवड, तुलना आणि निर्णय यांतून आलेले आहे. ज्या बुद्धीस आपण शिक्षणाने तयार झालेली बुद्धी म्हणतो, तिची ही लक्षणे होत. बहिणाबाईंना बुद्धीचा अभाव नव्हता, संस्कारांचा नव्हता, भाषेचा तर नव्हताच. अभाव होता तो अक्षरांचा. आणि तो त्यांनी निवडलेला नव्हता.

दुसरा दोष असा की, या वाचनात लिहून घेणारा हात अदृश्य होतो. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोचली, याचे श्रेय निरक्षरतेस देता येत नाही. ते शाळेत गेलेल्या मुलास द्यावे लागते. त्या घरात एक वही होती, एक दौत होती, आणि आईचे बोल मोलाचे आहेत हे कळणारा एक मुलगा होता. या तिन्हींपैकी एक गोष्ट नसती, तर विद्यापीठास आज दुसरे कोणते तरी नाव असते. जी गाणी टिपली गेली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबर गेली. शेतात काम करताना सुचलेली, सायंकाळपर्यंत मुलाच्या कानी न पडलेली अशी किती गाणी असतील! निरक्षरतेची खरी किंमत या न उरलेल्या गाण्यांत आहे, आणि आमची समीक्षा उरलेल्या गाण्यांकडे बोट दाखवून निरक्षरतेचे कौतुक करते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. बहिणाबाईंना स्वतःला अक्षरांविषयी काय वाटत होते, हे या वाचनाने कधी विचारलेच नाही. जळगावच्या छापखान्यावर त्यांचे एक गाणे आहे. ते विनोदाने भरलेले आहे. पण विनोदाच्या खाली फार मोठे कुतूहल आहे. कोरा कागद यंत्रात जातो काय आणि ज्ञान घेऊन बाहेर येतो काय, याचा त्यांना अचंबा वाटतो; आणि मग माणसाकडे वळून त्या त्याला टोला देतात की, कागदाला जे साधले ते तुला का साधू नये? ही छापील अक्षराची थट्टा नव्हे. अक्षराचे सामर्थ्य ओळखून, ते अंगी न बाणविणाऱ्या माणसाची ही कानउघाडणी आहे. आपल्याला बोली सरस्वतीमातेने शिकविली, अशी त्यांची श्रद्धा होती. आम्ही भिन्न श्रद्धेचे असलो, तरी त्या श्रद्धेतील एक गोष्ट आम्हांस कळते. ज्या बाईला कोणत्याही शाळेने शिकविले नाही, तिलाही आपला कोणी गुरू असावा, असे वाटत होते.

येथे आमच्याच परंपरेतील एक पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघाली. लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या, म्हणजे बहिणाबाईंहून बारा वर्षांनी मोठ्या. त्याही शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरात, रेव्हरंड टिळकांमुळे. भाषेचा ठसका, विनोद, दुःखाकडे पाहण्याची कणखर नजर यांत या दोन स्त्रिया सख्ख्या बहिणी शोभतील. फरक एवढाच की, एकीच्या हाती लेखणी आली. तो फरक किती मोठा आहे! लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचा लहरीपणा, सासऱ्यांचा तापटपणा, धर्मांतराच्या वेळची आपली तडफड, स्वतःच्या चुका, हे सारे स्वतः ठरवून सांगितले. काय ठेवायचे, काय गाळायचे हे त्यांच्या हाती होते. बहिणाबाईंचे जे आपल्यापुढे आहे, ते मुलाच्या प्रेमळ कानांनी ऐकलेले आहे. आईने मुलासमोर जे गायिले ते आपल्याला मिळाले. जे तिने गायिले नसेल, ते तिला लिहिता आले असते तर कदाचित कागदास सांगितले असते.

आणखी मागे गेले तर मुक्ता साळवे भेटते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील ही मातंग समाजाची चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती मिशनऱ्यांचे पत्र, याची आम्हांस आठवण असावी. अवघ्या काही वर्षांच्या शाळेने त्या मुलीस धर्माला, राज्याला आणि शेजाऱ्याला जाब विचारण्याची भाषा दिली. शिक्षणाने मुलीची वाणी गढूळ होते, असे म्हणणाऱ्यांनी तो निबंध वाचावा.

आता नंदुरबारकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. त्याच जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ५६ टक्के भरली. राज्यातील स्त्रियांची साक्षरता तेव्हा सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या या जिल्ह्यात, त्या वर्षी, दर दहा स्त्रियांपैकी चार बहिणाबाईंसारख्याच निरक्षर होत्या. त्यांच्यापैकी किती जणी गात असतील, हे मोजण्याची रीत जनगणनेत नाही.

या मुलुखाने मराठीस आपला आवाज दिला नाही असे नाही. शहादे परिसरातील श्रमिक चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली निघाला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आज अनेक भाषांत गेली आहे. आदिवासींचे दुःख आदिवासींना खाली बसवून दुसरेच कोणी वरून सांगतात, हा तिचा आशय. नजूबाई गावितांच्या ‘तृष्णा’ या कादंबरीने आदिवासी स्त्रीचे जगणे तिच्याच बाजूने मांडले. या लेखनाची आणि बहिणाबाईंच्या गाण्यांची गाठ आमच्या समीक्षेने घालून दिलेली नाही. ती घातली असती, तर बहिणाबाईंची निरक्षरता आम्ही इतक्या सहजतेने मखरात बसविली नसती. कारण मंचाखाली बसलेल्या माणसास आपल्या खाली बसण्याचे कौतुक नको असते.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात जाण्याचा योग आला. कला शाखेच्या पहिल्या वर्षात शिकणारी पावरा समाजातील एक मुलगी बहिणाबाईंची गाणी वाचीत बसली होती. ही भाषा कळते का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “पुस्तकातल्या मराठीपेक्षा बरी कळते. बाजारात आम्ही अशीच ऐकतो.” आम्ही आमच्या सवयीप्रमाणे म्हणालो, “बघ, त्या मुळीच शिकलेल्या नव्हत्या.” तिने पुस्तक मिटले आणि सरळपणे म्हणाली, “माझी आजीपण शिकलेली नाही. होळीत रात्रभर गाणी म्हणते. तिचं पुस्तक नाही झालं. घरात लिहिणारं कोणी नव्हतं ना. आता मी आहे.” आणि तिने एक वही दाखविली. आजीची गाणी ती देवनागरीत उतरवून घेत होती. पावरीतले काही उच्चार आपल्या अक्षरांत बसत नाहीत, अशी तिची तक्रार होती. त्यासाठी तिने अक्षरांखाली स्वतःच्याच खुणा योजिल्या होत्या. आम्ही अनेक परिसंवाद ऐकले. बहिणाबाईंवरची एवढी अचूक समीक्षा आम्ही ऐकली नव्हती.

पुढल्या वर्षी आम्ही तेथे गेलो, तेव्हा ती मुलगी नव्हती. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेले, घरी धाकटी भावंडे आणि गुरे राहिली. थोरली म्हणून तिला बोलावून घेतले; उन्हाळ्यात लग्न ठरले. वही तिने बरोबर नेली, असे मैत्रिणींनी सांगितले. कोणास दोष द्यावा? तिच्या आईबापांनी तिला बारावीपर्यंत शिकविले होते. त्यांच्या पाड्यावर तेवढे शिकलेली ती पहिलीच. या समाजांत मुलीच्या बापाला देज द्यावे लागते, हुंड्याचा जाच नाही. तथापि काम करणारा हात म्हणूनच मुलीचे मोल होत असेल, तर तो हात शाळेत गुंतवून ठेवणे घराला परवडत नाही.

व्यवस्था काहीच करीत नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे. २०२३ पासून सर्व स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट आहे. आश्रमशाळा आहेत, २००४ साली सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राहण्या-जेवणाचा खर्च थेट खात्यात देणारी ‘स्वयं’ योजना आहे. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण मुलीची वाट जेथे चिंचोळी होते, ती जागा बारावीच्या पुढची आहे. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यापासून जळगावचे विद्यापीठ दीडशे किलोमीटरांहून दूर. एसटी येते ती डांबरी सडकेपर्यंत; तेथून पाड्यापर्यंत पायवाट. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली की खाणावळीचे देणे थकते, आणि ते देणे फेडण्याचा सोपा उपाय म्हणून मुलगी घरी परतते. शिवाय घरची बोली भिलोरी किंवा पावरी, शाळेची मराठी, आणि महाविद्यालयात गेल्यावर विज्ञान-वैद्यकाची इंग्रजी. तीन भाषांच्या तीन पायऱ्या चढताना, प्रत्येक पायरीवर तिला आपण अडाणी आहोत असे वाटायला लावणारा कोणी ना कोणी उभा असतो.

येथे एक रास्त आक्षेप येईल. शाळेने गाणे मारले, हे खरे नव्हे काय? शाळेत गेलेल्या मुली जात्यावरच्या ओव्या विसरल्या. आश्रमशाळेत बोली बोलली म्हणून मुलांनी बोलणी खाल्ली. शिकलेली नात आजीच्या गाण्याची लाज धरू लागली. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. आमच्या शिक्षणाने बोलींचा अपमान केला आहे, आणि त्या अपमानात मिशनच्या शाळाही सर्वथा निर्दोष नव्हत्या. जरी ज्या फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ लोकांच्या भाषेत छापले त्याचा वारसा आम्ही सांगत असलो तरी. पण या रोगावर शाळा कमी करणे हे औषध नव्हे. ज्या मुलीने आजीच्या गाण्यांसाठी अक्षरांखाली नव्या खुणा शोधल्या, तिला शाळेनेच अक्षरे दिली होती आणि तिच्या बोलीने कान दिले होते. दोन्ही एकाच मुलीपाशी असणे, यातच आशा आहे. दोन्हींपैकी एक काढून घेतले, तर एकीकडे न लिहिलेली आजी उरते आणि दुसरीकडे लाजणारी नात.

तेव्हा समीक्षेचे काम काय? आमच्या मते, बहिणाबाईंवर लिहिताना ‘निरक्षर असूनही’ हे शब्द आता बंद करावेत. त्यांच्या जागी एक साधे वाक्य लिहावे: ‘यांना शिकू दिले गेले नाही.’ या वाक्याने त्यांच्या काव्याची थोरवी रतिभरही कमी होत नाही. उलट, त्यांच्या काव्यातला जो अचंबा छापील कागदाकडे पाहतो, तो नीट वाचता येतो. वर्गात बहिणाबाई शिकविताना शिक्षकांनी मुलींना त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची गाणी लिहून आणावयास सांगावे. आणि विद्यापीठाने, ज्याच्या माथ्यावर ते नाव आहे, नंदुरबारमधील मुलगी दुसऱ्या वर्षी कोठे गेली, हे दर वर्षी विचारावे. नाव देणे हा मान असतो. पण जिचे नाव घेतले तिच्यासारख्या मुली वर्गात किती आहेत, यावरून त्या मानाचे मोजमाप होते.

आमच्या वाचकांस हे सांगणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आपल्या धर्मग्रामांतील मुली तर शिकतात, असे ते म्हणतील. शिकतात खऱ्या. पण आपल्या कितीतरी घरांत पहिली शिकलेली बाई ही आजी किंवा पणजी आहे, आणि ती शिकली कारण कोठल्या तरी बोर्डिंगात कोणा सिस्टरने तिच्या बापाची समजूत घातली, कोणी तिच्या जेवणाचा खर्च उचलला, आणि सुटीनंतर ती परत आली नाही तेव्हा कोणी तिला आणायला गावी गेले. त्या पायी जाणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. पण आपल्या घरातले वाचन तेथून सुरू झाले. नंदुरबार, धुळे, जळगाव हे जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतातच येतात. ते दूरचे नाहीत. दर जूनमध्ये तेथे महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात आणि दर दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या तीन-चार महिन्यांची खाणावळ, हे एका कुटुंबास न पेलणारे ओझे नव्हे.

लेकीला माहेर असावे म्हणून आई सासर सोसते, असा एक विचार बहिणाबाईंच्या गाण्यात आहे. तो वाचून आपण सगळेच गहिवरतो. आज सातपुड्यातली आई ऊस तोडते, तीही लेकीसाठीच. तिच्या लेकीची वही कोठेतरी एका घराच्या फळीवर आहे. ती मुलगी अजून तरुण आहे, आणि बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय आहे. आम्ही त्या वसतिगृहाच्या गृहपाल बाईंकडे तिच्या गावाचा पत्ता मागितला आहे.